राजीखुशीनं केलेली सही

शाहूपुरीतल्या त्या खानावळीत दुपारी तीननंतर जरा श्वास घ्यायला सवड मिळते. जेवणारी मंडळी ढेकर देऊन आपापल्या कामाला गेलेली असतात, तांबड्या-पांढऱ्या रश्शाची पातेली मोरीत पडलेली असतात आणि धोंडुबाई चुलीपुढून उठून मागच्या दारात पाय पसरून बसतात. सकाळपासून दीडशे-एक भाकरी थापलेले त्यांचे हात मनगटापर्यंत पिठानं माखलेले असतात. ते धुवायचीही त्यांना तेव्हा घाई नसते.

त्या बुधवारी त्यांची भाची अनुजा शेजारी येऊन बसली आणि तिनं मोबाइल काढला.

"आत्या, धा मिनिटं दे. एक पान वाचून दाखवायचं हाय."

"वाच की. हितं कोण हाकलायला बसलंय?"

अनुजा पंचवीस वर्षांची. एका सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावरची माहिती लोकांना कळेल अशा भाषेत लिहायची, ही तिची नोकरी. नातेवाइकांना हे काम समजावून सांगताना तिची दमछाक व्हायची. "म्हंजे मराठीचं मराठीत भाषांतर?" असं विचारून एका मामानं भर लग्नात तिचं हसं केलं होतं. पण मामा काही चुकीचं बोलला नव्हता. आपल्याकडं सरकारी कागदाचं मराठी हे मराठी माणसाला कळू नये अशाच बेतानं लिहिलेलं असतं, आणि ते कळत नाही म्हणून मधल्या एजंटांची दुकानं चालतात. आपण सगळे हे जाणतो. जाणून गप्प बसतो.

अनुजाचे साहेब धैर्यशील सर यांचा एक नियम होता. लिहिलेलं पान संकेतस्थळावर जाण्याआधी शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेल्या एका तरी माणसाला ते वाचून दाखवायचं. वाचून झाल्यावर 'कळलं का?' असं चुकूनही विचारायचं नाही, कारण त्याला गरिबाचं उत्तर नेहमी 'व्हय' असंच येतं. 'काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा' असं म्हणायचं. अनुजाची ही परीक्षा घेणारी बाई म्हणजे तिची आत्या. रेशनकार्ड, जन्मदाखला, विधवा पेन्शन, सगळी पानं आत्याच्या पिठाळ हाताखालून गेलेली होती.

आजचं पान हक्कसोडपत्राचं होतं. जुन्या पानावर लिहिलं होतं, 'सहहिस्सेदाराने स्थावर मिळकतीमधील आपला अविभाज्य हिस्सा व त्यावरील सर्व हक्क, अधिकार व हितसंबंध अन्य सहहिस्सेदाराचे लाभात सोडून देणेबाबतचा दस्त.' अनुजानं त्यावर चार दिवस घालवले होते. आता ती सावकाश वाचायला लागली.

"हक्कसोडपत्र म्हणजे आईवडिलांच्या जमिनीतला किंवा घरातला आपला वाटा दुसऱ्या वारसाला कायमचा देऊन टाकणं. सही झाली की तो वाटा तुमचा राहत नाही. वारस म्हणून तुमचं नाव लावायला हा कागद लागत नाही. यावर सही करायची की नाही, हे फक्त तुम्ही ठरवायचं. भाऊ, नवरा किंवा गाव ते ठरवू शकत नाही."

"झालं?"

"झालं. आता तू सांग."

आत्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "सोपं हाय की. बहिणीनं ह्या कागदावर सही केली की बापाच्या जमिनीतला तिचा वाटा गेला. कायमचा. आनि वारसाचं नाव लावायला ही सही लागत न्हाय."

"एकदम बरोबर."

"लागत न्हाय?"

"न्हाय लागत."

आत्यांनी बोटांवरचं सुकलेलं पीठ खरवडलं. मग म्हणाल्या, "मग मी कशाला केलती?"

"काय?"

"सही. बा गेला त्या वक्ताला. निबंधकाच्या हापिसात. मशीनवर अंगठा घेतला, फोटू काढला. अगं, तूच न्हवतीस व्हय तिथं? तूच तर वाचून दाखीवलंस."

अनुजाच्या हातातला मोबाइल मांडीवर पडला.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आजोबा जाऊन तीन महिने झाले होते. त्यांना दोनच लेकरं, थोरली धोंडुबाई आणि धाकटे पिराजी, म्हणजे अनुजाचे वडील. पिराजींनी बहिणीला निरोप धाडला, की वारसांची नावं लावायची आहेत, कचेरीत ये. धोंडुबाई आल्या. सहीपुरतं नाव गिरवण्यापलीकडं अक्षरओळख नसली तरी बाई खुळी नव्हती. वकिलानं कागद पुढं सरकवल्यावर त्यांनी हात मागं घेतला. "अनुजा वाचू दे. ती सांगंल तर करतो सही," असं त्या म्हणाल्या.

अनुजा तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. वक्तृत्व स्पर्धेतल्या ढाली घरात ठेवायला जागा नव्हती. तिनं तो कागद भर कचेरीत खणखणीत आवाजात वाचला. बाकावरची माणसं वळून बघत होती. 'सदर मिळकतीमधील माझा अविभाज्य हिस्सा मी कोणताही मोबदला न घेता राजीखुशीने' इथं आल्यावर तर तिनं आवाज चढवला होता. वाचून झाल्यावर आत्यानं विचारलं, "म्हंजे काय गं बाय?"

खरं सांगायचं तर अनुजाला त्यातलं काही कळलं नव्हतं. पण एवढी माणसं बघत असताना, आपण एवढं झोकात वाचल्यावर, 'कळलं नाही' म्हणायचं कसं? तिनं वडिलांकडं बघितलं. पिराजी म्हणाले, "बाचं नाव कमी करून आमची नावं लावायची हाईत, त्येचं हाय." अनुजानं तेच वाक्य आत्याकडं वळवलं. साक्षीदाराच्या जागी तिनं स्वतः सही केली. अधिकाऱ्यानं विचारलं, "कळलं का मावशी? कबूल आहे?" आत्यांनी भाचीकडं पाहिलं आणि "व्हय" म्हणाल्या.

त्या दिवसाची आठवण 'वारसनोंद' म्हणूनच अनुजाच्या डोक्यात बसली होती. हक्कसोडपत्राचं पान लिहिताना चार दिवसांत एकदाही तिला तो कागद आठवला नव्हता.

तिनं मोबाइलवर गट नंबर टाकून सातबारा उघडला. आत्याचं नाव कंसात होतं आणि त्यावर आडवी रेघ मारलेली होती, म्हणजे ते केव्हाच कमी झालेलं होतं.

"काय दिसतंय?" आत्यांनी विचारलं.

अनुजानं सांगितलं. यावेळी तिला कळलेलं सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

आता ती जमीन धोंडुबाईंना काय होती, ते सांगायला हवं. त्यांचा नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत होता. भट्टीच्या धुरानं छाती गेली आणि आठ वर्षांपूर्वी माणूसच गेला. पोरबाळ नव्हतं. तेव्हापासून त्या विक्रमनगरात पत्र्याच्या एका भाड्याच्या खोलीत राहत होत्या आणि खानावळीत भाकरी थापत होत्या. त्यांना जगाकडून एकच गोष्ट हवी होती. महामार्गाच्या कडेला बापाचं जे रान होतं, त्यातल्या आपल्या वाट्यात दोन खोल्या बांधायच्या आणि शेवटचे दिवस आपल्या छपराखाली काढायचे. खिडकी कुठं असावी हेही त्यांचं ठरलेलं होतं. दर दिवाळीला त्या भावाकडं विषय काढत आणि पिराजी दर दिवाळीला म्हणत, "बांधू की आक्का, जरा दम धर."

सहा वर्षं हा माणूस बहिणीला दम धरायला सांगत होता आणि धरायला तिच्या हातात वीतभर जमीनही उरलेली नव्हती. केसानं गळा कापणं म्हणतात ते याला.

आत्या उठल्या. मोरीशी जाऊन त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत घासून धुतले. "रविवारी पिराकडं जाऊया," एवढंच बोलल्या.

रविवारी सकाळी पिराजी डेअरीला दूध घालून अंगणात चहा घेत बसले होते. बहिणीला बघून त्यांनी हाक मारली, "ये आक्का! झुंबर, आक्कासाठनं च्या टाक." धोंडुबाई अंगणाच्या तोंडाशीच थांबल्या.

"पिरा, बा गेल्यावर माझी सही घेतलीस ती कशाची हुती?"

पिराजींनी आधी बहिणीकडं आणि मग लेकीकडं पाहिलं. कुणी सांगितलं असणार ते त्यांना लगेच उमगलं. माणूस खोटं बोलला नाही, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो. आवाज मात्र चढवला.

"हक्कसोडाची हुती. मग काय झालं? साऱ्या गावातल्या बहिणींनी केल्यात सह्या. कुणाच्या घरात कालवा झाला? तुला काय कमी केलं मी? दर दिवाळीला साडी, पंचमीला चोळी. भावजी दवाखान्यात हुते तवा म्हयनाभर डबा कोण न्हेत हुतं?"

"तू न्हेत हुतास," धोंडुबाई म्हणाल्या. "त्ये मी इसरलो न्हाय."

अनुजाची आई झुंबरबाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या नणंदेच्या जवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "वन्सं, जमिनीपायी माहेर तुटंल. मीबी केलीया की माझ्या भावाला सही."

"झुंबर, माहेर कवाच तुटलंय. मला आज कळलं एवढंच."

अनुजाला राहवलं नाही. "आण्णा, तुमी तिला इचारलं का न्हाईसा?"

"इचारलं असतं तरी तिनं दिलाच असता!"

"मग इचारायचं की."

शेजारच्या अंगणात कुणीतरी झाडू मारायचं थांबवून कान देत होतं. पिराजींना ते दिसलं आणि त्यांचा तोल गेला.

"दोन खोल्यांचं खूळ हुतं तिच्या डोक्यात! एकदा बांधल्यावर उठवायचं कुणी? पोराचं, यशराजचं वर्कशॉप कुठं उभं करायचं मी? आनि तू मला काय जाब इचारतीस? कागद वाचला कुणी? वकिलावर तिचा इस्वास न्हवता, माझ्यावर पूर्ण न्हवता. तुझ्यावर हुता. म्हणून तर तुला कालेजातनं बोलवून घेतली!"

बोलून गेल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. अनुजाला त्या क्षणी लोकांच्या पाया पडून आपल्याला शिकवणाऱ्या, वक्तृत्वाच्या प्रत्येक ढालीला पेढे वाटणाऱ्या आपल्या बापाचा चेहरा ओळखू येईना. मुलगी शिकली याचा त्याला अभिमान होता. त्या शिक्षणाचा उपयोग त्यानं असा केला होता.

धोंडुबाईंनी चहाला हात लावला नाही. "पिरा," त्या म्हणाल्या, "तू मागितला असतास तर मी दिला असता का न्हाय, ठाव न्हाय मला. पर दिला असता तर त्यो मी दिलेला असता." आणि त्या वळून एसटीच्या थांब्याकडं चालू लागल्या. अनुजा मागं धावली तेव्हा त्यांनी न थांबता सांगितलं, "तू नको येऊस माझ्यासंगं."

त्यानंतर तीन वेळा अनुजा खानावळीत गेली. तिन्ही वेळा आत्या चुलीकडं तोंड करून भाकरी थापत राहिल्या. "काम चाललंय माझं," असं म्हणायच्या. फसवणाऱ्या भावाचा राग होताच, पण तो राग त्यांना पेलत होता. भाचीवर ठेवलेल्या विश्वासाचं काय करायचं, ते त्यांना सुचत नव्हतं. आपल्याला कळलं नव्हतं, ही अनुजाची सबब खरी होती आणि तोच तिचा गुन्हाही होता.

दरम्यान हक्कसोडपत्राचं पान संकेतस्थळावर जायचा दिवस आला. वरून निरोप आला, की 'भाऊ, नवरा किंवा गाव' हे वाक्य काढा, त्यानं घराघरात भांडणं लागतील. अनुजा धैर्यशील सरांसमोर उभी राहिली आणि तिनं घडलेलं सगळं सांगितलं. "सर, भांडण त्या वाक्यानं लागत नाही. ते आधीच लागलेलं असतं. बहिणीला पत्ता नसतो इतकंच." सरांनी वर फोन लावला. वाक्य राहिलं. त्याखाली अनुजानं आणखी एक वाक्य घातलं: 'कागद कुणी वाचून दाखवला, तर त्या माणसाला तो कळला आहे का, हे आधी विचारा.' पान लागल्यावर चार दिवसांनी ती बायकांचे जमिनीचे दावे चालवणाऱ्या वकील शबनूर मुल्लाणी यांच्याकडं गेली.

धोंडुबाई तिच्याआधी तिथं येऊन गेल्या होत्या, हे तिला तिथंच कळलं. खानावळीच्या मालकिणीला बरोबर घेऊन, संकेतस्थळावरचं ते पान मोबाइलवर दाखवून त्यांनी विचारलं होतं, की सही झाल्यावर आता काही करता येतं का.

"मी त्यांना खोटी आशा दिलेली नाही," शबनूर म्हणाल्या. "नोंदलेला दस्त आहे. मुदत गेली असं ते म्हणतील, फसवणूक कळल्यापासून मोजा असं आपण म्हणू. जिंकूच असं नाही. पण फसवून सही घेतली हे सांगणारं कुणीतरी लागेल. तुमचं नाव साक्षीदार म्हणून दस्तावर आहे. मी आत्यांना तसं म्हणाले, तर त्या म्हणाल्या, 'तिला वढू नका. आपलेच दात, आपलेच ओठ. पोरीनं बापाविरुद्ध उभं ऱ्हावं असं मी सांगणार न्हाय.'"

अनुजानं समोरचा कोरा कागद ओढून घेतला. आयुष्यातली सगळ्यात सोपी वाक्यं लिहायला तिला पाऊण तास लागला.

'कागद मी वाचला. मला तो कळला नव्हता. कळला नाही असं म्हणायची मला लाज वाटली. वडिलांनी सांगितलं तेच मी आत्याला सांगितलं आणि ते खरं नव्हतं. आत्यानं माझ्या शब्दावर सही केली. तिनं आपला वाटा राजीखुशीनं सोडलेला नाही.'

"मी हे कोर्टाच्या भाषेत बसवून घेते," शबनूर म्हणाल्या.

"वरखाली काय लागेल ते लावा. ही वाक्यं मात्र अशीच राहू द्या."

प्रतिज्ञापत्र करायच्या दिवशी सकाळी यशराजचा फोन आला. "ताई, आण्णा दोन दिवस जेवले न्हाईत. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणत्यात. तू सही केलीस तर पुन्यांदा घरात यायचं न्हाय, आयनंबी हेच सांगितलंय." आई हे म्हणाली असेल का, याचा विचार अनुजा दुपारी रिक्षात बसल्यावर सगळ्या वाटेनं करत होती. रडूही येत होतं. लहानपणी जोतिबाच्या डोंगरावर तिला खांद्यावर बसवून नेणारा बाप तोच होता, आणि तिला कॉलेजातून बोलावून नेणारा बापही तोच होता. दोघांतला एक निवडता आला असता तर बरं झालं असतं.

शबनूरच्या टेबलापलीकडं आत्या बसल्या होत्या. त्यांनी भाचीकडं पाहिलं नाही. अनुजानं प्रतिज्ञापत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मनात वाचलं, दोन ठिकाणी शबनूरना अर्थ विचारला आणि सही केली.

तेव्हा आत्या पंधरा दिवसांनी पहिल्यांदा आपणहून तिच्याशी बोलल्या.

"वाचलंस?"

"व्हय."

"कळलं?"

"कळलं आत्या."

धोंडुबाईंनी मान हलवली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि अनुजानंही माफी मागितली नाही. संध्याकाळच्या भाकऱ्यांची वेळ झाली होती. पिशवी काखेत मारून त्या उठल्या. दारापाशी जरा थांबल्या. "चल," म्हणाल्या, "जेवून जा. आता तुझ्या घरात तुला कोण वाढतंय?"

दावा दाखल झाला आहे. निकाल कधी आणि काय लागेल ते कुणी सांगू शकत नाही. रानात यशराजच्या शेडचे खांब उभे राहिलेत आणि धोंडुबाई अजून पत्र्याच्या खोलीत राहतात. यंदाच्या दिवाळीला साडी आली नाही.

ही गोष्ट इथं थांबवताना तुम्हाला एक विनंती करतो, विशेषतः ज्यांना बहीण आहे त्या भावांना. घरातल्या कपाटात जमिनीची फाइल असेल. त्यात तुमच्या बहिणीची सही असलेला एक कागद असण्याचा फार संभव आहे. तो काढा. तिला बोलावून समोर बसवा आणि तिला कळेल अशा भाषेत, तिच्या डोळ्यांत बघून, तो मोठ्यानं वाचून दाखवा. शेवटच्या ओळीपर्यंत तुमचा आवाज टिकतो का, ते बघा.